नावांवरचे अठरा टक्के

डोमेनचे नाव विकत घ्यायला दोन मिनिटे पुरतात. चौकटीत नाव टाइप करायचे, शोध दाबायचा. नाव मोकळे असले की शेजारी किंमत येते. धाराशिवमधल्या एका सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत बसून मी हे बघत होतो. केंद्र चालवणारा तरुण दिवसभर उत्पन्नाचे दाखले काढतो, पीकविम्याचे अर्ज भरतो आणि रात्री शटर अर्धे ओढून नावे शोधतो. वेबसाइट काढायचा त्याचा विचार नाही. चांगले नाव आधी धरून ठेवायचे आणि कधीतरी गरजू गिऱ्हाईक आले की द्यायचे, हा त्याचा छंद. तेर, नळदुर्ग, परंडा, कुंथलगिरीचा पेढा, उस्मानाबादी शेळी अशी पंचवीसेक नावे त्याच्या खात्यात आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराच्या ‘धाराशिव’ या नव्या नावाला मंजुरी दिली आणि सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलले, तेव्हा ‘धाराशिव’ हा शब्द असलेली चार-पाच नावे त्याने एकदम घेतली.

‘‘वरची किंमत बघायची नाही सर, शेवटची ओळ बघायची,’’ तो म्हणाला. पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत ती ओळ बहुधा दिसतच नाही. पत्ता भरला, राज्य महाराष्ट्र निवडले, की खाली जीएसटी 18 टक्के उमटतो. विकणारी कंपनी महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर 9 टक्के केंद्राचे, 9 टक्के राज्याचे; परराज्यातली असेल तर तेच 18 टक्के एकत्रित. पिनकोड 413501 टाकल्यावर काही ठिकाणी अजून उस्मानाबाद येते, पण कराला शहराशी घेणे नाही, राज्याशी आहे.

पहिल्या वर्षी हे अठरा टक्के टोचत नाहीत. कंपन्या नवे नाव मोठ्या सवलतीत देतात आणि कर सवलतीनंतरच्या रकमेवर लागतो. खरा भार दुसऱ्या वर्षापासून. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीने मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, आणि प्रत्येक नूतनीकरणावर पुन्हा कर. नूतनीकरणाचा दर 1,200 रुपये धरला तर 216 रुपये कर, एकूण 1,416. पंचवीस नावांचे वर्षाला 35,400 रुपये, त्यातले 5,400 कराचे. त्यातल्या बहुतेक नावांनी अजून एक रुपयाही मिळवलेला नसतो. पडीक रानाचा दरवर्षी खंड भरावा, तसे हे आहे.

परदेशी कंपनीकडून घेतले तर? पूर्वी ती वाट होती. 1 डिसेंबर 2016 पासून परदेशातून घरगुती ग्राहकाला पुरवलेल्या ऑनलाइन सेवा कराच्या कक्षेत आल्या. तेव्हा सेवाकर 15 टक्के होता, 1 जुलै 2017 पासून जीएसटी 18 झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये अशा ग्राहकाची व्याख्या आणखी रुंदावली आणि नोंदणी नसलेला कोणताही ग्राहक तिच्यात आला. शिवाय कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की बँक परकीय चलनाचे शुल्क घेते आणि त्या शुल्कावरही जीएसटी लागतो. अमेरिकेतही दूरच्या विक्रेत्याकडून कर वसूल करण्याची मुभा राज्यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वेफेअर खटल्यात दिली. दूरच्या विक्रेत्याकडून करमुक्त खरेदीचे दिवस संपत आले आहेत.

सरकारने ऑनलाइन सेवेवर कर घ्यावा, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. पुण्यातली आयटी कंपनी हेच नाव घेते तेव्हा तीही 18 टक्के भरते, पण आपला जीएसटी क्रमांक देते आणि ती रक्कम स्वतःच्या करातून वजा करून घेते. या तरुणाकडे क्रमांक नाही. कायद्याच्या नजरेत तो अखेरचा ग्राहक आहे, पण मनाने तो व्यापारी आहे, आणि नावे तो विकण्यासाठीच ठेवतो.

मग नोंदणी का करत नाही? सेवांसाठी वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर सक्ती नाही, स्वखुशीने करता येते. पण मग विवरणपत्रे आली. एकही विक्री झाली नाही तरी शून्याचे विवरणपत्र भरावे लागते, उशीर झाला की दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. सीएची फी वेगळी. वर्षातून एखादे नाव विकणाऱ्याला हे परवडत नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आहे. अशा जिल्ह्यातला मुलगा शेतीबाहेरचे काहीतरी स्वतः शिकतो, तर त्याच्यासाठी मधली एखादी सोपी पायरी असायला हवी, असे मला मनापासून वाटते. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा कर 5 टक्क्यांवर आला, याचा आनंदच आहे. नावांवरचा 18 तसाच राहिला.

म्हणून दरवर्षी निवड करावी लागते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी तो यादी काढतो. ज्या नावाबद्दल वर्षभरात कुणी विचारणा केली ते ठेवायचे. ज्याचे स्पेलिंग फोनवर सांगता येत नाही ते सोडायचे. डॉट कॉमचे नाव चुकून सुटले तर नंतर तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते, पण तिचे शुल्क जबर आणि त्यावरही 18 टक्के. कुणाच्या ब्रँडचे नाव तो घेत नाही. डॉट इनसाठी तक्रारीची रीतसर यंत्रणा आहे आणि तिथे नाव हातचे जाते. शिवाय, तो म्हणाला, ‘‘दुसऱ्याचं नाव अडवून पैसे मागायला बरं नाही वाटत.’’

गिऱ्हाईक आलेच, तर हिशेब असा मांडतो. पाच वर्षे सांभाळलेल्या नावावर खर्च 7,080 रुपये, त्यात 1,080 कराचे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हे 1,080 वजा करता आले असते. याला ते किमतीत धरावे लागतात, आणि घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी तेच सोडावे लागतात.