लोहाच्या गोळ्या आणि रक्ताचा जमाखर्च

रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या सुरू होतात, काही दिवसांनी रक्ततपासणीचा कागद हाती येतो, आणि त्यावरील आकड्यांचा अर्थ आपल्याच मनाने लावून कोणी समाधानाने, तर कोणी निराशेने औषध सोडून देतो. शरीरात आज वाटेवर असलेले लोह निराळे व कोठारात शिल्लक असलेले लोह निराळे, हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच बहुधा असे घडते.

गैरसमज : सीरम आयर्न वाढले, म्हणजे कमतरता संपली.

वस्तुस्थिती : सीरम आयर्न, म्हणजे रक्तातून वाटेवर असलेले लोह, ही केवळ त्या घटकेची रोजकीर्द होय. गोळी घेतल्यावर साधारण 2 ते 4 तासांत हा आकडा चढतो व पुढे उतरतो. म्हणून सकाळी गोळी घेऊन दुपारी रक्त दिले, तर ज्याचे कोठार रिकामे आहे त्यालाही तो कागद समृद्धीचा दाखला देऊ शकतो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनची, म्हणजे लोह वाहून नेणारे प्रथिन कितपत भरले आहे याची, टक्केवारी याच आकड्यावरून काढली जात असल्याने तीही तितकीच फसवी ठरते. यास्तव डॉक्टरांना विचारून तपासणीपूर्वी निदान 24 तास गोळी घेऊ नये, आणि रक्त सकाळी, शक्यतो उपाशीपोटी द्यावे.

गैरसमज : फेरिटिन ठीक आहे, म्हणजे साठा भरलेला आहे.

वस्तुस्थिती : फेरिटिन हे साठ्याचे निदर्शक खरे, आणि एखाद्या गोळीने ते हलत नाही, परंतु जंतुसंसर्ग, दाह किंवा यकृताचा विकार असता साठा नसतानाही ते वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली निरोगी प्रौढांसाठी लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमहून कमी फेरिटिन ही कमतरतेची खूण मानली, तर दाह किंवा संसर्ग असलेल्या प्रौढांसाठी तीच मर्यादा 70 ठेवली. शिरेतून लोह दिल्यावरही काही आठवडे हा आकडा अवास्तव चढलेला असतो.

गैरसमज : हिमोग्लोबिन भरले, आता गोळ्या पुरेत.

वस्तुस्थिती : उपचार लागू पडला, तर 3 ते 4 आठवड्यांत हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे सुमारे 2 ग्रॅमने वाढते, परंतु आलेले लोह शरीर आधी रक्तपेशींच्या निर्मितीत खर्ची घालते आणि कोठार मागाहून भरते, म्हणून हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही गोळ्या साधारण 3 महिने चालू ठेवण्याचा प्रघात आहे.

गैरसमज : आकडा वाढत नाही, म्हणजे गोळ्या निरुपयोगी आहेत.

वस्तुस्थिती : गोळी चहासोबत घेणे, मध्येच खाडे होणे, पाळीतील अतिरिक्त किंवा मूळव्याधीचा रक्तस्राव चालू राहणे, आतड्यांनी लोह न शोषणे, अथवा मुळात थॅलेसेमियाचा अंश असणे, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. ते शोधण्याऐवजी आपल्या मनाने गोळ्या बंद करणे किंवा दुप्पट घेणे, दोन्ही अहितकारक होय.

तेव्हा अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जाताना त्याच्या कोपऱ्यात शेवटची गोळी कोणत्या तारखेस व किती वाजता घेतली, हे अवश्य लिहावे. त्या एका नोंदीवाचून सीरम आयर्नचा आकडा वाचणे म्हणजे जमा कधी झाली हे न पाहता शिल्लक सांगणे होय.