डोळ्यांतील वानगी : रक्तक्षय कसा ओळखावा

धान्याच्या व्यापाऱ्याने वैद्यकाविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले व्यापारी आहोत. परंतु पोत्यातून मूठभर वानगी काढून सबंध मालाची पारख करण्यात आमचे आयुष्य गेले. तशीच वानगी मनुष्याच्या रक्ताचीही मिळते, व ती डोळ्यांत मिळते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आमच्या थोरल्या सूनबाई जिना चढताना धापा टाकीत. दुपारी त्यांना काम होत नसे. घरात कोणी आळस म्हणे, कोणी नाजूकपणा. म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. एके दिवशी दुकानी आलेल्या एका परिचारिकेने त्यांची खालची पापणी ओढून पाहिली व रक्त तपासण्यास सांगितले. हिमोग्लोबिन अवघे ७.२ ग्रॅम निघाले. ते स्त्रियांत १२, गर्भवतींत ११ व पुरुषांत १३ ग्रॅमांहून कमी नसावे. दोन वर्षे आम्ही ज्यास आळस म्हणत होतो, तो रोग होता.

पापणीच्या आतील पडदा अत्यंत पातळ असतो व तेथे त्वचेचा रंग आड येत नाही. म्हणून रक्ताची लाली सरळ दिसते. निरोगी डोळ्यात पापणीच्या कडेलगतची पट्टी लालभडक व तिच्यामागील भाग फिका असतो. रक्तक्षयात हा भेद नाहीसा होऊन सर्वच फिके दिसते. हात धुऊन, दिवसाच्या उजेडात, समोरच्यास वर पाहावयास सांगून पापणी हलकेच खाली ओढावी. रडल्यावर किंवा डोळे आले असता ही परीक्षा फसते.

दुसरी खूण डोळ्याच्या पांढऱ्या भागाची. सुप्रसिद्ध वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १९०८ साली अशा रोग्यांच्या डोळ्यांतील निळसर छटेची नोंद केली होती. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका निबंधाने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. लोहावाचून डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचे तंतू नीट घडत नाहीत. ते पातळ होऊन आतील गडद थर निळसर झळकतो, असे याचे कारण सांगतात. तान्ह्या मुलांत मात्र ही छटा स्वाभाविकही असते.

तथापि वानगी ती वानगीच. तिच्यावरून सौदा पुरा करू नये. सौम्य रक्तक्षयात पापणी लालच दिसू शकते. आपणां शाकाहारी लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही ती फिकी पडते, आणि थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक दोषात लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेणे अपायकारक ठरू शकते. म्हणून रक्ततपासणी अवश्य करावी. वयस्क पुरुषात लोह कमी आढळल्यास मूळव्याध, पोटातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग यांतून गुप्तपणे रक्त जात नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पेडण्याच्या शेताबागांतून अनवाणी वावरणाऱ्यांनी अंकुशकृमीचीही शंका घ्यावी.

डिचोलीच्या डोंगरांतून कित्येक दशके लोहखनिजाची जहाजे भरून गेली. तांबडी धूळ आमच्या छपरांवर बसली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील १५ ते ४९ वर्षांच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भूमीतील लोह भूमीतच राहते. रक्तात ते ताटातूनच यावयाचे.

येथे आमचा धंदा कामी येतो. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात १ मिलिग्रॅमही लोह नसते; तेवढ्याच बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम असते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असली तरी चणे, मूग, उडीद आहेतच. ज्यांस चालते त्यांनी जेवणात लिंबू घ्यावे, म्हणजे धान्यातील लोह अंगी लागते. जेवणासोबतचा चहा मात्र ते अडवितो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर रक्त भरल्यावरही सुमारे तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, कारण रिकामे कोठार त्यानंतरच भरते.

सूनबाई आज पूर्ण बऱ्या आहेत. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. आम्ही मात्र स्वतःस लावतो. मालाची वानगी रोज पाहणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांनी घरातील लेकीसुनांच्या डोळ्यांकडेही एकदा पाहावे, व कोणास आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे, एवढीच सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती.