बंपरच्या पाठीवरची अक्षरं
गाडी समजून घेताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात पत्र्याविषयी लिहिलं आणि चारच दिवसांत प्लॅस्टिकचा धडा स्वखर्चानं मिळाला. कोंडाईबारी घाट उतरून, विसरवाडी मागे टाकून नवापूरला चहाला थांबलो. गाडी मागे घेताना दगडी खांब दिसला नाही. मागच्या बंपरला वीतभर चीर. चूक सर्वस्वी माझी.

महामार्गालगतच्या गॅरेजात मी विचारलं, गोंदानं चिकटेल का? मिस्त्री हसला. ‘भाऊ, याला काही चिकटत नाही. हे शिवावं लागतं.’

त्यानं बंपर काढून उलटा केला. आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं होती : पीपी+ईपीडीएम-टीडी२०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या बादल्या-डब्यांच्या जातीचं. ईपीडीएम हे रबर, धक्का बसल्यावर तडकण्याआधी थोडं लवावं म्हणून. टीडी२० म्हणजे २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी. तोच टाल्कम पावडरीचा दगड. त्यानं बंपरला ताठपणा येतो आणि उन्हात तो फार फुगत-आकसत नाही. पीपीचा दाणा हजीऱ्यालाही बनतो. तिथून खानदेशात यायचा रस्ता हाच.

चिकटत का नाही? पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग अळूच्या पानासारखा; पाण्याचा थेंब, गोंद, रंग, कुणालाच थारा देत नाही. म्हणून पुष्कळ कारखान्यांत रंगाआधी बंपरवरून ज्योत झर्रकन फिरवतात. वितळेल इतकी नाही, तर वरच्या थराला हवेतला ऑक्सिजन चिकटेल इतकीच. मग रंग धरतो. मिस्त्रीनं तापवलेल्या नागमोडी पिना चिरेवर आतून रुतवल्या आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून वर भरली. वेगळ्या जातीची पट्टी वरून बसल्यासारखी दिसते, पण नखानं उचकटते.

प्रीमियर पद्मिनीचा बंपर लोखंडी आणि चकचकीत होता. प्लॅस्टिकचे बंपर घेऊन १९७२ साली फ्रान्सची रेनो ५ आली आणि हळूहळू सगळ्यांनी तोच रस्ता धरला. आज मोटारीच्या वजनात प्लॅस्टिक साधारण दहावा हिस्सा असतं, जागेच्या मानानं मात्र जवळपास निम्मं. दिव्याची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची, वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की पिवळी पडणारी. इंजिनाला हवा पुरवणारी नळकांडी बहुधा काचतंतू घातलेल्या नायलॉनची. एअरबॅगचं कापडही नायलॉनचंच.

खानदेशी माणसाला गंमत वाटावी अशी गाडी पूर्व जर्मनीत होती, ट्राबांट. १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाख निघाल्या. तिच्या अंगाचे पत्रे पत्र्याचे नव्हतेच. कापसाचा टाकाऊ भाग आणि फिनॉलची राळ एकत्र दाबून केलेले होते. पण ती भाकरी होती, गूळ नव्हे. गूळ पुन्हा वितळवून ढेप पाडता येते, भाजलेल्या भाकरीचं पीठ होत नाही. म्हणून गाड्या मोडीत निघाल्यावर त्या पत्र्यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला.

आपले बंपर गुळाच्या जातीचे, हे आपलं नशीब. पण गूळ वितळवायचा तर आधी निवडावा लागतो. साधी परीक्षा पाण्याची : पीपी तरंगतं, एबीएस हे दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक बुडतं. मात्र शंखजिरं २० टक्क्यांपर्यंत गेलं की पीपीसुद्धा बुडतं. पीपी आणि एबीएस एकत्र दळली तर दाणा ठिसूळ निघतो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या जुन्या वाहनांच्या नियमांत उत्पादकांचं उद्दिष्ट पोलादावर मोजलं जातं. हिशेब लोखंडाचा ठेवायचा आणि निम्मी जागा व्यापणारा माल भंगारवाल्याच्या नाकावर सोडायचा, हे मला अजब वाटतं.

नाकावर म्हणजे अक्षरशः. मिस्त्रीनं माझ्या बंपरचा टवका पाण्याच्या डब्यात टाकला; तो तळाला गेला. मग काडी लावून विझवून माझ्यापुढे धरला. मेणबत्तीचा वास. एबीएस असतं तर काळ्या काजळीचा धूर निघाला असता. ‘पीपीच आहे,’ तो म्हणाला आणि टवका उजवीकडच्या गोणीत टाकला.

(पुढील लेखांक : टायर)