शाळा बसच्या पायरीवर सुरू होते

पिवळी बस कोपऱ्यावर येऊन थांबते. मावशी दार उघडतात, मूल चढतं, आई हात हलवते आणि घरी वळते. पुढची चाळीस-पन्नास मिनिटं त्या मुलाची जबाबदारी कोणाची, असं विचारलं तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. पालक म्हणतात, बस शाळेची. शाळा म्हणते, बस कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, माझं काम मुलांना वेळेवर पोचवण्याचं, त्यांच्या भांडणात मी कसा पडू? मुलामुलांमधली दादागिरी नेमकी याच फटीत वाढते. वर्गात जे कोणी खपवून घेणार नाही ते बसमध्ये महिनोन्‌महिने चालतं, कारण तिथे ते थांबवणं हे कुणा एकाचं काम म्हणून ठरलेलंच नसतं. म्हणून या लेखाचं म्हणणं एकच आहे. बसचा प्रवास हा शाळेचाच पहिला आणि शेवटचा तास आहे. त्या तासाला शाळेचे नियम लागू असले पाहिजेत आणि ते पाळायला लावण्याचा अधिकार असलेलं मोठं माणूस बसमध्ये असलं पाहिजे.

दादागिरी कशाला म्हणायचं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. दोन मैत्रिणी खिडकीच्या जागेवरून भांडतात आणि उतरताना पुन्हा एकत्र उतरतात, ती दादागिरी नव्हे. या विषयाचा पाया घालणारे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि देणारा व सोसणारा यांची ताकद सारखी नसते. या तिन्ही खुणा बसमध्ये किती सहज जुळून येतात ते पाहा. वर्गात सगळी मुलं एका वयाची असतात. बसमध्ये बालवाडीतलं पोर आणि दहावीतला मुलगा एकाच रांगेत बसतात. वर्गातून उठून बाईंकडे जाता येतं. चालत्या बसमधून कुठेच जाता येत नाही. आणि मार्ग तोच, मुलं तीच, त्यामुळे आज जे झालं ते उद्या सकाळी सातला पुन्हा होणार हे सोसणाऱ्याला आदल्या रात्रीच ठाऊक असतं. प्रकार बाहेरून क्षुल्लक दिसतात. चढणाऱ्या मुलाला पाहून प्रत्येक रिकाम्या जागेवर दप्तर ठेवलं जातं, ‘इथे कोणी तरी येणार आहे’ असं सांगितलं जातं, आणि ते मूल दांडा धरून उभं राहतं. डबा हातोहात मागच्या सीटपर्यंत जातो आणि रिकामा परत येतो. रंगावरून, जाडीवरून, अडखळत्या बोलण्यावरून नाव पडतं. आडनावावरून जात ओळखून टोमणा मारला जातो. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर चेष्टा वाटते. दिवसातून दोनदा आणि वर्षभर ती चालली की तिचा छळ होतो.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा असतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत १२ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांची सरकारी पाहणी नियमितपणे होते. २०१७ च्या पाहणीत सुमारे २० टक्के मुलांनी शाळेत छळ झाल्याचं सांगितलं. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक मुलांनी जागा म्हणून वर्ग किंवा व्हरांडा सांगितला. शाळेची बस सांगणारी मुलं सुमारे ८ टक्के होती. मग एवढ्याशा भागासाठी वेगळा विचार कशाला? पण मूल शाळेत सहा-सात तास असतं आणि बसमध्ये तासभर. शिवाय सगळीच मुलं बसने येत नाहीत. वेळेच्या आणि संख्येच्या हिशेबात ते आठ टक्के थोडे नाहीत. त्यातही वर्गातली घटना शिक्षकाच्या नजरेस पडण्याची निदान शक्यता असते. बसमध्ये उंच पाठीच्या सीटा, इंजिनाचा आवाज आणि पुढे रस्त्यावर डोळे लावून बसलेले बसकाका. त्यांनी आरशात मागे पाहत राहावं, अशी अपेक्षा करणं सगळ्याच मुलांच्या जिवाशी खेळणं आहे.

मूल स्वतः सांगेल म्हणून वाट पाहत बसू नये. ‘चहाडीखोर’ ठरण्याची भीती असते, आणि सांगितल्यावर उद्या बसमध्ये काय होईल ही भीती त्याहून मोठी असते. म्हणून खुणा ओळखाव्या लागतात. सकाळी बस यायच्या वेळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. मूल मुद्दाम रेंगाळून बस चुकवतं, ‘आज तुम्ही सोडा ना’ म्हणून बाबांच्या मागे लागतं. डबा संपलेला असतो, तरी घरी आल्याआल्या ते भुकेने कासावीस झालेलं असतं. कंपासपेटी आणि पाण्याची बाटली वारंवार हरवतात. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे शाळेबद्दल मूल आनंदाने बोलतं, पण येण्याजाण्याचा विषय निघाला की गप्प होतं. यातली एखादी गोष्ट इतर कारणानेही होऊ शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या की मात्र शांतपणे विचारावं: ‘बसमध्ये तू कुठे बसतोस? शेजारी कोण असतं? मागच्या सीटवर कोण असतं?’ थेट ‘तुला कोणी त्रास देतं का?’ या प्रश्नाला मुलं बहुधा ‘नाही’ म्हणतात. जागेबद्दल विचारलं की हळूहळू सगळं सांगू लागतात.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: लहानपणी हे चालायचंच, त्यानेच मुलं कणखर होतात. ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास पुढे अनेक दशकं चालू राहिला. त्यांतल्या ७,७७१ मुलांच्या नोंदींवरचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना सोबत्यांकडून वारंवार छळ सोसावा लागला होता, त्यांच्यात पन्नाशीला आल्यावरही नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण इतरांपेक्षा अधिक होतं. घरची गरिबी, बुद्धिमत्ता, लहानपणच्या भावनिक अडचणी या गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला. अडचणींशी झुंजून मूल घडतं, हे खरं. पण झुंजायला काही वाव असावा लागतो. बंद दाराच्या गाडीत चार थोराड मुलांच्या मधे अडकलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तो वाव नसतो. ते झुंजायला शिकत नाही, सोसायला शिकतं.

मग बसमध्ये मोठं माणूस ठेवलं की भागलं का? अमेरिकेतली दोन उदाहरणं इथे उपयोगी पडतात. ‘बुली’ या २०११ च्या माहितीपटात आयोवा राज्यातल्या सू सिटी इथला एक मुलगा शाळेच्या बसमध्ये मार खाताना दिसतो. तक्रार घेऊन आलेल्या आईवडिलांना शाळेतल्या अधिकारी बाई सांगतात की, आपण स्वतः त्या बसने गेलो आहोत आणि मुलं अगदी गुणी आहेत. त्या खोटं बोलत नव्हत्या. अधिकार असलेलं माणूस समोर होतं तेवढा वेळ मुलं गुणीच राहिली असणार! दुसरी घटना २०१२ मधली, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस गावची. तिथे बसमध्ये देखरेखीसाठीच नेमलेल्या ६८ वर्षांच्या बाईंना सातवीतल्या मुलांनी रडवेपर्यंत अपमानित केलं आणि एका विद्यार्थ्याने त्याचं मोबाइलवर चित्रण केलं. माणूस हजर होतं, पण आपल्या शब्दामागे शाळा उभी आहे असं मुलांना वाटत नव्हतं. दोन्हींतून निघतो तो धडा एकच: उपस्थितीला अधिकाराची जोड लागते.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. शालेय बसगाड्यांबाबतच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितली आहे आणि तिच्यात पालकांच्या प्रतिनिधीला जागा आहे. बसमध्ये सहायक असण्याची तरतूदही आहे. उणीव आहे ती या व्यवस्थेकडे पाहण्याच्या दृष्टीत. समितीच्या बैठकीत भाडं, थांबे आणि वेळा यांवर बोलणं होतं. मुलांच्या वागण्यावर क्वचितच. मावशींकडून अपेक्षा असते ती मुलं मोजून उतरवण्याची. त्यांच्या हाती दोन साध्या गोष्टी द्याव्यात. एक म्हणजे शाळेने ठरवलेला बसण्याचा तक्ता: लहान मुलं पुढे, मोठी मागे, आणि मावशींची जागा दाराजवळ नसून बसच्या मध्यावर. दुसरी म्हणजे एक वही. काय घडलं, कोणत्या थांब्यानंतर आणि कोण होतं, एवढंच तिच्यात लिहायचं; आणि ती रोज शाळेत पर्यवेक्षकांच्या टेबलावर जायची. मावशींनी लिहिलं की शाळा विचारते, हे मुलांना आठवडाभरात कळतं. कॅमेरे लावले आहेत, मग माणूस कशाला, असंही काही शाळा म्हणतात. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो आणि पुरावा म्हणून त्याची किंमत आहेच. पण डबा हिसकावणारा हात त्या क्षणी तो धरू शकत नाही.

तक्रार आली की पहिलं काम सोसणाऱ्याला दुसऱ्याच दिवसापासून सुरक्षित करण्याचं. त्याची बस बदलू नये. बदलायची तर त्रास देणाऱ्याची जागा बदलून त्याला मावशींच्या शेजारी आणावं. दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं टाळावं, कारण जिथे ताकद सारखी नाही तिथे तडजोड दुबळ्याच्याच अंगावर येते. पालकांनी ‘तूही दे एक ठेवून’ असं शिकवू नये आणि बसमध्ये चढून दुसऱ्याच्या मुलाला दटावू नये. तारीखवार लिहून मुख्याध्यापक आणि परिवहन समिती या दोघांना पत्र द्यावं. लैंगिक स्वरूपाचा स्पर्श वा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेने आपसांत मिटवू नये. मुलांना स्वतः मदत मागण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्रास देणाऱ्याला बसमधून काढूनच टाका, असा आग्रहही होतो. संताप समजण्यासारखा आहे, पण तो मुलगा उद्या रिक्षातून येईल आणि तिथे त्याच्यापेक्षा लहान कोणी तरी असेल. त्याच्या घरी कळवणं, त्याच्यावर नजर ठेवणं, नुकसान भरून द्यायला लावणं आणि महिनाभर दर आठवड्याला विचारपूस करणं, हे अधिक कष्टाचं असलं तरी वागणूक बदलण्याची शक्यता त्यातच आहे.

उरतात ती बाकीची तीस मुलं, आणि सगळ्यात मोठं बळ त्यांच्याकडे आहे. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवर केलेलं निरीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुलं हजर होती, पण मधे पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगी. जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फक्त दहा सेकंद! फिनलंडने आपला दादागिरीविरोधी शालेय उपक्रम याच बघ्या मुलांना बोलतं करण्याभोवती बांधला. प्रत्येक मुलाने दंड थोपटावेत असं कोणी म्हणत नाही. जागेवरचं दप्तर उचलून मांडीवर घेणं आणि ‘ये, इथे बस’ म्हणणं, एवढं दुसरीतलं मूलही करू शकतं. पण ते करायला त्याला भरवसा हवा की मोठी माणसं आपल्या बाजूने उभी राहतील. हा भरवसा द्यायला फारसा खर्च येत नाही. ज्या गावांत बस नाही, व्हॅन किंवा रिक्षा आहे आणि मावशी ठेवणं परवडत नाही, तिथेही बसण्याचा क्रम ठरवता येतो, व्हॅनकाकांना शाळेतल्या एका शिक्षकाचा क्रमांक देता येतो आणि महिन्यातून एकदा मुलांना प्रवासाबद्दल विचारता येतं. उद्या सकाळी बस थांबेल आणि एखादं मूल पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी आत नजर टाकून जागा शोधेल. ती जागा त्याच्यासाठी ठरलेली असावी आणि त्याला ती आधीच माहीत असावी.