लोखंडावर शिजलेलं तेल

उडपी हॉटेलातली डोशाची प्लेट जवळून पाहिलीत, तर तिच्यावर दोन प्रकारचा काळा रंग दिसतो. कडेला, जिथं कालथा क्वचितच पोहोचतो, तिथं जाड, खडबडीत, खरवडला तर ढलपे निघतील असा थर. आणि मधोमध, जिथं दिवसभर डोसे पडतात, तिथं गुळगुळीत, किंचित तपकिरी झाक असलेली तकाकी. कडेची ती खरपुडी म्हणजे जळलेलं पीठ आणि जळलेलं तेल, म्हणजे नुसता कोळसा. मधला लेप मात्र कोळसा नाही, काजळी नाही आणि आता तेलही राहिलेला नाही. तो लोखंडाच्या अंगावर तयार झालेला एक टणक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर आहे. गच्चीवरच्या बार्बेक्यूसाठी पोलादी प्लेट घेणारे आणि हौसेनं बिडाचा तवा घरी आणणारे यांची तक्रार सहसा एकच असते: चिकटतं आणि गंजतं. दोन्हींवर इलाज हाच लेप.

या प्लेटा बहुधा साध्या पोलादाच्या असतात. वर्कशॉपमध्ये त्याला ‘एमएस’ म्हणतात, माइल्ड स्टील. त्यात कार्बन साधारण पाव टक्क्यापर्यंत. बिडात तो २ ते ४ टक्के. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धातूला झाकून ठेवतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. साध्या पोलादाला ही सोय नाही. त्याचा गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगून सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं पाडतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हा उद्योग आणखी वेगानं चालतो. तरीही भाजायला साधं पोलादच बरं, कारण स्टेनलेसच्या तुलनेत ते उष्णता सुमारे तिप्पट चांगली वाहून नेतं.

आता तेलाकडे वळू. क्रिकेटची नवी बॅट जवसाचं तेल लावून ठेवतात आणि ते तेल काही दिवसांत सुकतं, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन या बंधांच्या शेजारी हल्ला करतो, पेरॉक्साइडं तयार होतात, ती फुटतात आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. जोडण्या वाढत गेल्या की द्रवाचं घन होतं. चित्रकाराचा ऑइल पेंट याच क्रियेनं वाळतो. खोलीच्या तापमानाला ज्याला दिवस लागतात, ते दोन-सव्वादोनशे अंश सेल्सियसला तासाभरात होतं. शिवाय लोखंड इथं नुसतं बसून राहत नाही. त्याचे आयन पेरॉक्साइडं फोडायला मदत करतात, म्हणजे प्लेट स्वतःच उत्प्रेरकाचं काम करते. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुहेरी बंध जितके जास्त, तितकं तेल लवकर सुकतं. खोबरेलात सुमारे ९० टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली. या कामाला ते जवळजवळ निरुपयोगी. शेंगदाणा तेल मधलं. पारंपरिक वाणाच्या करडईच्या तेलात दोन दुहेरी बंधांचं लिनोलेइक आम्ल भरपूर. जवसात तर निम्म्याच्या आसपास तीन दुहेरी बंधांचं लिनोलेनिक. म्हणून जवस सर्वोत्तम, असा हिशेब कागदावर निघतो आणि पुष्कळ जण तोच सल्ला देतात. प्रत्यक्षात जवसाचा थर टणक होतो तसा ठिसूळही होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. घरात असलेलं शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल पुरेसं आहे. खास बाटली विकत घेऊ नये.

नवी प्लेट गंजू नये म्हणून कारखान्यात तिला तेल किंवा मेण फासलेलं असतं. ते गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीनं पूर्ण काढायचं. मग प्लेट लगेच पुसून आचेवर ठेवायची. इथं घाई न करता बघत राहावं. चकचकीत पोलाद २२० अंशांच्या आसपास गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं आणि ३०० अंशांजवळ निळं. हे रंग कुठल्या रंगद्रव्याचे नाहीत. पृष्ठभागावर वाढणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते, तसा त्यातून परावर्तित होणारा प्रकाश वेगळ्या रंगाचा दिसतो. लोहार छिन्नीला पाणी देताना याच रंगांवरून तापमान ओळखतो. ऑक्साइडचा हा घट्ट थर तेलाला धरायला उघड्या धातूपेक्षा चांगला.

मग तेल, आणि बहुतेकांचं गणित इथंच चुकतं. थेंबभर तेल फडक्यानं सगळीकडे चोळायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानं, जणू ते लावायचंच नव्हतं असं समजून, पुसून टाकायचं. उरतो तोच थर कामाचा. तेल जाड राहिलं तर वरची साय सुकते, आतलं कच्चं राहतं आणि प्लेट चिकट होते. धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा पातळ हात द्यायचा. असं चार-पाच वेळा. त्या धुरात ॲक्रोलिन असतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. काम गच्चीत करावं, नाहीतर खिडक्या सताड उघडून.

या लेपामुळे चिकटणं कसं थांबतं? अंडं, मासा, पनीर यांतली प्रथिनं तापली की उलगडतात आणि उघड्या लोखंडाशी थेट बंध जोडतात. मधे बहुवारिक आला की त्यांना धरायला धातू सापडत नाही. अर्थात थंड प्लेटवर बांगडा टाकला तर कुठलाही लेप वाचवणार नाही.

रोजच्या साबणानं हा लेप निघून जातो, ही समजूत सोडून द्यावी. भांड्यांचा साबण न सुकलेलं तेल काढतो. सुकलेला थर त्याला दाद देत नाही. खरे शत्रू दोन. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा, कारण तेलाच्या रेणूंना धरून ठेवणारे एस्टर बंध अल्कली तोडते. आणि आम्ल: चिंच, कोकम, टोमॅटो. पावभाजीच्या तव्याचा मध्य लखलखीत दिसतो आणि कडा काळ्या, याचं अर्धं श्रेय टोमॅटोला आणि अर्धं सतत घासणाऱ्या कालथ्याला. झटपट फोडणीनं काही बिघडत नाही, पण कोकमाची कढी अशा भांड्यात उकळत ठेवू नये.

तापलेल्या प्लेटवर गार पाणी ओतण्याची सवय मात्र महागात पडते. ६० सेंटिमीटर लांबीचं पोलाद २०० अंशांनी तापलं की जवळपास दीड मिलिमीटरनं वाढतं. एक भाग एकाएकी आकसला आणि शेजारचा फुगलेलाच राहिला, तर प्लेट वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. डोसेवाला शिंपडतो तो पाण्याचा जेमतेम हबका असतो. त्यानं वरचं तापमान थोडं उतरतं आणि पीठ पसरवता येतं. सहा मिलिमीटर जाडीच्या, ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या प्लेटचं वजन पावणेतेरा किलोच्या घरात जातं. इतक्या लोखंडाला थोडासा हबका सहज सोसतो, बादली नाही.

लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं, हेही खरं. इथिओपियातल्या मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला होता, लोखंडी भांड्यातलं जेवणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं जेवणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. मात्र नीट मुरलेला तवा नव्या तव्यापेक्षा कमी लोह सोडतो. ॲनिमियाचा उपचार म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

वापर झाला की प्लेट कोमट असतानाच धुवावी, पुन्हा आचेवर ठेवून पार कोरडी करावी आणि तेलाचं बोट फिरवून पुसून ठेवावी. पावसाळ्यात ती बंद पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. आणि माळ्यावरची जुनी प्लेट तांबेरली म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. काचकागदानं घासा, व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, धुऊन तडक आचेवर सुकवा आणि पहिल्यापासून तेल चढवा. गंजानं आरपार भोक पडलेलं नसेल, तर ती नव्यासारखी वापरात येते.