खिळा गंजलेला नसला तरी

पायात खिळा घुसला की घरात पहिली विचारणा होते, ‘गंजलेला होता का?’ आणि पाठोपाठ, ‘सहा महिन्यांत टीटी घेतलंय ना?’ धनुर्वाताचा गंजाशी संबंध नाही आणि सहा महिन्यांच्या हिशेबालाही आधार नाही.

या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत, शेणखतात वर्षानुवर्षं तग धरून राहतात. वाढायला त्यांना हवा चालत नाही. म्हणूनच गुडघ्यावरच्या पसरट खरचटण्यापेक्षा टाचेत खोल रुतलेल्या बाभळीच्या काट्याचं भय जास्त. रक्त थेंबभर येतं, वरचं छिद्र लगेच मिटतं, माणूस कामाला लागतो. आत जिवाणू विष तयार करत असतो. बहुधा आठवडाभरानं, जखम विसरूनही गेल्यावर, जबडा आखडू लागतो.

डॉक्टरांना खरं तर दोन गोष्टी कळायला हव्यात: जखम कशी आहे, आणि आजवर लसीचे किती डोस झाले, शेवटचा कधी. तीन किंवा अधिक डोस झालेले असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षांपर्यंत सुई लागत नाही. माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला ही मुदत 5 वर्षांची.

मला काळजी वाटते ती पन्नाशी-साठीच्या शेतकरी पुरुषांची. बायकांना निदान गरोदरपणात ही लस मिळत आली. यांच्यातल्या अनेकांचे लहानपणीचे डोस झालेच नाहीत, किंवा झाले की नाही हे सांगणारं कोणी नाही. अशा माणसाची जखम मळलेली असेल तर नुसती लस पुरत नाही, कारण तिच्यातून प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. सोबत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन शरीरावर दुसऱ्या जागी द्यावं लागतं. त्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो. पुढच्या जखमेसाठी लसीचा दुसरा डोस किमान चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी घ्यायलाच हवा. नेमका तोच राहून जातो. जखम भरली की दवाखान्याची पायरी कोण चढतो? शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून होतो. त्यामुळे गावानं लस घेतली म्हणून न घेतलेला वाचत नाही.

जखम आधी वाहत्या पाण्यानं, साबणानं धुवा. तिच्यावर माती किंवा शेण चुकूनही लावू नका. सरकारी लसीकरणात 2019पासून टीटीऐवजी टीडी देतात. तिच्यात घटसर्पाची लसही असते. पहिला डोस घेतलात की पुढच्या दोन तारखा केसपेपरवर लिहून घ्या.