मकावचा दरवाजा, किल्ली कुणाकडे?

मकावच्या उत्तर टोकाला, झुहाई शहराच्या वेशीशी, एक फिकट पिवळी कमान उभी आहे. पोर्तुगीजांसाठी ती ‘पोर्तास दु सेर्कु’, स्थानिक कँटोनीज बोलीत ‘क्वान झाप’. तिच्याखालून आता कुणी सीमा ओलांडत नाही. शेजारच्या अवाढव्य तपासणी केंद्रातून रोज लाखो माणसं ये-जा करतात: हॉटेलांत कामाला येणारी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, दप्तरं पाठीला लावलेली शाळकरी मुलं. मकावला येणारा पर्यटक कॅसिनो पाहतो आणि 1835 च्या आगीतून वाचलेल्या सेंट पॉल चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर फोटो काढतो. या कमानीपाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. चीन आणि पोर्तुगाल यांच्यातलं पाचशे वर्षांचं नातं समजून घ्यायचं, तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

जॉर्ज आल्व्हारिश हा पोर्तुगीज दर्यावर्दी 1513 मध्ये पर्ल नदीच्या मुखाशी पोचला. पुढे तोमे पिरिश वकील म्हणून थेट पेकिंगपर्यंत गेला, पण ती शिष्टाई पार फसली. अखेर 1557 च्या सुमारास पोर्तुगीजांना या चिंचोळ्या द्वीपकल्पावर वस्ती करू देण्यात आली. जिंकून नव्हे, भाड्याने. वर्षाला 500 ताएल चांदी मोजायची आणि राहायचं. 1570 च्या दशकात चिनी अधिकाऱ्यांनी इथल्या अरुंद भूपट्टीवर आडवी भिंत घालून तिला दरवाजा बसवला. तो ठरलेल्या दिवशीच उघडे आणि धान्य, भाजीपाला त्यातूनच आत येई. तोफा पोर्तुगीजांकडे होत्या, पण चुलीचा सगळा भरवसा त्या दाराच्या किल्लीवर.

या वसाहतीची सूत्रं गोव्याहून हलत. 1844 पर्यंत मकाव गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीच्या अखत्यारीत होतं. ख्रिस्ती धर्मप्रसारक मात्तेओ रिची गोव्यात राहून 1582 मध्ये मकावला आला आणि इथूनच चीनमध्ये शिरला. चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर 1552 मध्ये प्रवेशाची वाट पाहत वारलेल्या फ्रान्सिस झेवियरचं शव आज जुन्या गोव्यात आहे. गोव्याचं बालशांव आणि मकावच्या घरांत आंबवलेल्या जवळ्याचं केलं जाणारं ‘बालिशांव’ ही तर सख्खी भावंडं. मकावच्या जुन्या मिश्र बोलीत कोकणी-मराठीच्या वाटेने गेलेले शब्दही सापडतात. जहाजांसोबत माणसं गेली, त्यांच्यासोबत चव आणि भाषाही गेली.

अफूच्या युद्धात चीन दुबळा ठरला, तेव्हा किल्ली हिसकावण्याचा प्रयत्न झाला. गव्हर्नर फेरेइरा दु आमाराल याने भाडं थांबवलं, चिनी जकात नाकं हटवलं, गावकऱ्यांच्या थडग्यांवरून रस्ता काढला. 22 ऑगस्ट 1849 रोजी या वेशीजवळच त्याची हत्या झाली. तीन दिवसांनी पोर्तुगीजांनी पलीकडचा चिनी किल्ला घेतला. आजची कमान त्यानंतरची, 1870 च्या आसपासची, आणि त्या दोन्ही तारखा तिच्यावर कोरलेल्या आहेत. आमारालचा पुतळाही शहरात होता. चीनच्या आग्रहावरून तो 1992 मध्ये उतरवून लिस्बनला नेला. कमान मात्र राहू दिली.

1887 च्या तहाने पोर्तुगालला मकाववर कायमचा ताबा मिळाला, पण चीनच्या संमतीशिवाय तो दुसऱ्या कुणाला देता येणार नव्हता. घर तुमचं, विकायचं मात्र आम्हाला विचारून.

19 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, आणि मकावचं काय, असा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर 1962 मध्ये सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हने माओच्या चीनला भर सभेत टोमणा मारला: भारताने गोवा घेतला, तुम्ही मकाव आणि हाँगकाँग का सोसता? पेकिंगने मार्च 1963 मध्ये उत्तर दिलं की असमान करारांचे प्रश्न वेळ आल्यावर वाटाघाटीने सुटतील. त्या करारांच्या यादीत रशियाने गिळलेल्या मुलखाचेही करार होते. जगाशी तुटलेल्या चीनला व्यापारासाठी एक उघडं दार हवं होतं, म्हणून मकाव तसंच राहिलं. पण डिसेंबर 1966 मध्ये मकावमधल्या दंगलीत आठ माणसं मारली गेली आणि जानेवारीत पोर्तुगीज गव्हर्नरला चीनच्या दबावापुढे माफीनाम्यावर सही करावी लागली. त्या दिवसापासून शहर कुणाच्या शब्दावर चालतं, याबद्दल कुणालाही शंका राहिली नाही.

लिस्बनमध्ये 1974 ला क्रांती झाली आणि नवं सरकार वसाहती सोडायला निघालं, तर चीनलाच घाई नव्हती. 1979 मध्ये राजनैतिक संबंध जुळले आणि मकाव हा पोर्तुगीज प्रशासनाखालचा चिनी प्रदेश मानला गेला. 1987 च्या संयुक्त जाहीरनाम्यानंतर पोर्तुगालचा झेंडा उतरला तो 19 डिसेंबर 1999 च्या मध्यरात्री. गोवा सुटल्याला त्या दिवशी बरोबर 38 वर्षं झाली होती. हा योगायोग मला नेहमी हलवून जातो. एकाच सत्तेची दोन ठाणी, एक रणगाड्यांनी सुटलं, दुसरं सह्यांनी.

चीनने पोर्तुगीज वारसा पुसला नाही, कामाला लावला. पोर्तुगीज बोलणारे फार थोडे उरले, तरी ती अधिकृत भाषा आहे आणि रस्त्यांची नावं आजही निळ्या-पांढऱ्या फरशांवर दोन्ही भाषांत वाचता येतात. पोर्तुगीज भाषक देशांशी व्यापार वाढवण्यासाठी चीनने 2003 मध्ये इथे ‘फोरम मकाव’ स्थापन केला. ब्राझील, अंगोला, मोझांबिककडे जाणारी वाट या छोट्या शहरातून काढली.

पारडंही फिरलं. कर्जात बुडालेल्या पोर्तुगालने 2011 मध्ये ‘ईडीपी’ या वीज कंपनीतला 21.35 टक्के हिस्सा चीनच्या ‘थ्री गॉर्जेस’ला सुमारे 2.7 अब्ज युरोंना विकला. 2018 मध्ये शी जिनपिंग लिस्बनला आले आणि ‘बेल्ट अँड रोड’च्या समझोत्यावर सह्या झाल्या. पण 2023 मध्ये पोर्तुगालने 5जी जाळ्यातून चिनी उपकरणांना वगळण्याची दिशा धरली. युरोप आणि नाटो एकीकडे, जुनं ओळखीचं गिऱ्हाईक दुसरीकडे. लहान देशाला ही कसरत सोपी नाही, आणि त्याने दोन्ही दारं उघडी ठेवण्याची धडपड केली, तर त्याला दोष देववत नाही.

खुद्द मकावला जागा अपुरी पडते. जेमतेम 33 चौरस किलोमीटरांत सुमारे सात लाख माणसं राहतात. म्हणून मकाव विद्यापीठ पलीकडच्या हेंगचिन बेटावर हलवलं गेलं. पाण्याखालच्या बोगद्यातून विद्यार्थी तिथे तपासणीविना पोचतात, आवारात मकावचाच कायदा चालतो. जमीन मुख्यभूमीची आहे आणि मकावचं सरकार तिचं भाडं भरतं. भाडेपट्टा 19 डिसेंबर 2049 ला संपतो.